तडा वेल्डमध्ये नव्हता

संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या कामातले गमतीशीर अनुभव लिहा, वाचकांना आवडतात." माझं काम धातूंचं. उभा जन्म भट्ट्या, बॉयलर आणि इंजिनांची धुराडी यांच्यापाशी गेला. तिथे गंमत फारशी नसते, उकाडा असतो. तरी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर कारणं द्यावी लागतात, आणि हल्ली मला बोलायचाच कंटाळा येतो.

कुठे शिकलो, कुठे लागलो, कधी बढती मिळाली हे सगळं गाळतो. ते माझ्या बायकोलाही आठवत नाही. पुण्याकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो आणि रत्नागिरीला आपल्या घरी येऊन बसलो, एवढं पुरे. काम मात्र पाठोपाठ आलं. माझं काम थोडक्यात सांगायचं तर असं, की जिथे भयंकर ताप आहे तिथे कोणता धातू टिकेल ते सांगायचं, आणि नाही टिकला तर का नाही टिकला ते सांगायचं. पहिल्या सल्ल्याला लोक चहा देतात. दुसऱ्याला पैसे देतात, पण तोंड वाकडं करून.

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. पालीकडचे एक काजूवाले आले होते. ते बॉयलरमध्ये काजूची टरफलं जाळायचे. त्या टरफलात असं जळजळीत तेल असतं की हाताला लागलं तर कातडी सोलते, मग त्याचा धूर पत्र्याची काय गत करत असेल बघा. दर वर्षी धुराडं खाली यायचं. म्हणाले, "एकदाच काय तो भारीतला धातू सांगा, कायमचं मिटवून टाकू." मी म्हटलं, धातू नको, सरपण बदला. ते जे रागावले ते उठून गेले. अजूनही दर वर्षी नवं धुराडं बसवतात आणि बाजारात भेटले की चारचौघांत सांगतात, "ह्यांचं ऐकलं असतं तर धंदा बसला असता." मी हसतो. त्यांचंही बरोबर आहे, फुकटचं सरपण कोण सोडतो.

पण लिहायला बसलो ते काजूवाल्यांसाठी नाही. सुलेमानसाठी बसलो.

बंदराच्या वाटेवर सुलेमानची वेल्डिंगची शेड होती. मागच्या दाराला लागून घर, आणि त्या दारात बाजेवर त्याची आई. सुलेमान पन्नाशीचा, उंच, जरा वाकलेला. अर्धं आयुष्य आखातात तेलाच्या पाइपलाइनी जोडण्यात गेलं. बाप वारला तेव्हा हा तिकडेच. त्यांच्यात मयत ठेवत नाहीत, त्याच दिवशी दफन करतात. याने ते मोबाईलवर बघितलं, आणि मधेच रेंज गेली. त्यानंतर एका महिन्यात करार तोडून परत आला. मला पहिल्याच ओळखीत म्हणाला होता, "सर, बाच्या टायमाला मी नव्हतो. आयच्या टायमाला मी हितं पायजे. बाकी मना काय नको." त्यासाठी तो मच्छीमार बोटींचे सायलेन्सर, गॅलरीच्या जाळ्या, गेटं, मिळेल ते काम करायचा. कमाई बेताचीच. मुंबईचा एजंट अधूनमधून फोन करायचा, जागा आहे, येतोस काय. हा "बघू" म्हणून फोन ठेवायचा.

आई मला मास्तर म्हणायची. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण तिने ठरवलं होतं. डोळ्यांना कमी दिसायचं, जीभ मात्र शाबूत होती. "मास्तर, ह्येला सांगा जरा, दिवसभर उजेड बघतो, माजेसारका आंधला व्हईल." आणि मला गुळाची सांदणं खायला लावायची. मधुमेह आहे म्हटलं की म्हणायची, "मनापन हाय. खा."

आता त्या विमानाबद्दल. हैदराबादची एक कंपनी आमच्या किनाऱ्यावर बिनमाणसाचं विमान उडवून बघत होती. पूर्णगडच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, त्यांनी तंबू ठोकला होता. परत न आलेली बोट समुद्रात शोधायची, हा उद्देश. उद्देश चांगला होता. त्यांचा इंजिनिअर तन्मय, पुण्याचा मुलगा, एक दिवस माझ्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेली जळकी नळी घेऊन आला. कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. नळी हातात घेतली तर तिच्या तोंडाचे पापुद्रे निघाले.

त्या विमानाचं इंजिन रोटरी. आपल्या मोटारीत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. रोटरीत दट्ट्याच नाही. एक फुगीर बाजूंचा त्रिकोण एका लांबट पोकळीत गरागरा फिरतो आणि फिरता फिरता पेट्रोल ओढतो, दाबतो, जाळतो, बाहेर टाकतो. इंजिन लहान, हलकं, थरथर कमी, म्हणून अशा विमानांना ते आवडतं. पण त्याची एक खोड आहे. पोकळी लांबट असल्यामुळे आतलं सगळं पेट्रोल नीट जळत नाही आणि वायू जळता जळताच बाहेर पडतो. उरलेलं जळणं नळीत होतं. म्हणून नळीचं तोंड नारिंगी होतं, कामावर असेपर्यंत नारिंगीच राहतं. साधं लोखंड तिथे खपल्या होऊन झडतं. भांड्यांचं स्टेनलेस लावलं तर वरून चकचकीत दिसतं, पण त्या तापात त्यातलं क्रोमियम कार्बनला चिकटून बसतं आणि पोलाद आतून भुसभुशीत होतं. तन्मयने तेच लावलं होतं.

लोकांना वाटतं, धातू निवडणं म्हणजे पुस्तक उघडून सगळ्यात मोठा आकडा शोधणं. मी चार गोष्टी विचारतो. ताप किती, किती वेळ, वजन किती चालेल, आणि वेल्ड कोण करणार. चौथा प्रश्न पुस्तकात नसतो, आणि निम्मी कामं त्याच्यावरच मरतात. तन्मयला सगळी नळी निकेलच्या महागड्या धातूची हवी होती. मी म्हटलं, बाबा, ती जड होईल, कंपनी ओरडेल, आणि गरजही नाही. तोंडाशी वीतभर तुकडा निकेलचा, पुढे टायटॅनियम घातलेलं स्टेनलेस. ते टायटॅनियम कार्बनला आधीच धरून ठेवतं, मग क्रोमियमला त्रास होत नाही. आणि मधे एक सरकता सांधा ठेव, कारण तापलेली नळी लांब होते, तिला वाढायला जागा लागते. जागा नाही दिली तर ती स्वतःला फाडून जागा करून घेते.

"आणि वेल्ड?" तन्मयने विचारलं.

"आहे माणूस," मी म्हटलं.

सुलेमानने आयुष्यभर जाड काळं पोलाद जोडलेलं. हा पत्रा पातळ, नखाच्या जाडीचा. पहिल्या दिवशी त्याने भोकंच पाडली. मी त्याला आत-बाहेर दोन्हीकडून आर्गॉन वायू सोडायला लावला, म्हणजे आतला सांधाही हवेत जळत नाही. पंखा बंद, शेडची दारं बंद, आणि घामाने निथळत तो टाके घालत बसायचा. आई बाहेरून ओरडायची, "मेलास काय रे आत?" हळूहळू हात बसला. चांगल्या सांध्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, तो यायला लागला. शेवटची नळी बघितली तेव्हा मी काही बोललो नाही. काढायला खोड सापडेना. सुलेमानने विचारलं, "काय वो सर, गप का झालात?" मी म्हटलं, "चांगली झालीय." तो दिवसभर खूश होता.

तन्मयने सांगितलं, ही टिकली तर अशा पुष्कळ लागतील, वर्षानुवर्षं लागतील. सुलेमानने एजंटाचा नंबरच फोनमधून काढून टाकला.

नळी दोन उड्डाणं टिकली. तिसऱ्यात फुटली. गरम वायू बाहेर पडून वायरी वितळल्या आणि विमान समुद्रात उतरलं. पूर्णगडच्या एका बोटवाल्याने ते ओढून आणलं आणि येताना बातमीही आणली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदरावर एकच, "सुलेमानने विमान पाडलान." आधी लोक हसले. मग एका बोटमालकाने सायलेन्सरचं काम काढून घेतलं. म्हणाला, राग नको मानू, पण खोल समुद्रात फुटला तर. मग दुसऱ्यानेही. बंदरावर वेल्डरचं नाव एकदा गेलं की परत येत नाही. सुलेमान मला म्हणाला, "सर, वेल्ड खराब निघाला तर मना परत जावा लागल. हितं कोण काम देनार?" आणि मागच्या दाराकडे बघितलं. आई कोणाशी तरी फोनवर भांडत होती.

तन्मयने फोटो पाठवला. तडा वेल्डच्या कडेने गेलेला. "सर, सरळ दिसतंय, वेल्डच गेलाय." मला ते सरळ दिसत नव्हतं. वेल्ड नाही तर मग माझा धातू चुकला, हेही उघड होतं. माझं वय झालंय. माझी निवड चुकली असं निघालं असतं तर चार दिवस चहा कडू लागला असता, पुढे काही नाही. सुलेमानचं सगळंच जाणार होतं. मी म्हटलं, तुकडा माझ्याकडे पाठव, त्याआधी कोणाला काही कळवू नकोस. पोराने ऐकलं, त्याचे आभार.

तुकडा कापला, घासला, गावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मागून घेतला. ओळखीने मिळाला, पण तीनतीनदा सांगावं लागलं की मी काही मोडणार नाही. धातू आतून सलग नसतो, साखरेच्या वडीसारखा दाण्यादाण्यांचा असतो. वेल्ड बघितला. घट्ट, एक बुडबुडा नाही. तडा वेल्डच्या बाहेर, कडेला सुरू झाला होता आणि दाण्यांच्या मधल्या फटींतून आत घुसला होता. ताणाने तुटलेला धातू असा तुटत नाही. काहीतरी आत शिरलं होतं. तड्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी होती. घरी आणून ती गॅसवर चमच्यात तापवली. बायको बघतच राहिली, तिचा चमचा होता. भुकटी तापल्यावर पिवळी झाली, गार झाल्यावर पुन्हा पांढरी. असं एकच वागतं. जस्ताची राख.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिलो. आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वेल्ड चांगला होता आणि माझा धातूही. मग डोक्यात आलं, की त्या नळीवर जस्त आलं कुठून. आणि लगेच उत्तरही आलं.

आमच्याकडे खारा वारा आहे. बंदरावरचा कोणताही वेल्डर सांधा गार झाला की त्यावर जस्ताच्या रंगाचा एक फवारा मारतो. त्याला इथे चांदी मारणं म्हणतात. चांदी न मारता काम देणं म्हणजे जेवण वाढून मीठ न वाढणं. गेट असो, नांगर असो, डिझेलच्या टाकीचं झाकण असो. इतक्या वर्षांत मला ते रोज दिसत होतं.

शेडवर गेलो. सुलेमान एका जाळीचं काम करत होता. विचारलं, "नळी देण्यापूर्वी तिच्यावर काय मारलंस?"

"चांदी मारली ना," तो म्हणाला, अगदी सहज. "तुमी गेल्यावर. सड्यावर उघडी पडनार, खारा वारा. अशीच कशी सोडू? जास्त नाय, सांध्यावर एक हात. तापली की जलून जाईल म्हटला."

मी त्याला समजावलं. जस्त जळून जात नाही. ते आधी वितळतं, पाण्यासारखं पातळ होतं. पोलाद लाल झालेलं, सांध्यापाशी ताणलेलं. वितळलेलं जस्त दाण्यांच्या मधल्या फटींत शिरतं आणि दाणे सुटे करतं. लोखंडाच्या गेटला काही होत नाही कारण गेट कधी लाल होत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि पत्र्याच्या डब्यावर बसला.

"म्हनजे मीच मारला त्येला."

"वेल्ड चांगला होता," मी म्हटलं. "मी बघितलाय. एक खोड नाही त्यात."

"ती गोष्ट सांगा त्यांना. पयली ती सांगा. मग चांदीची सांगा."

मी म्हटलं, चांदीचं कशाला? जस्त कुठून आलं ते कळलं नाही असंही लिहिता येईल, सड्यावर शंभर लोकांचे हात लागतात. हे मी म्हटलं खरं. त्याने हातमोजे पुन्हा उचलले. "नाय सर. उद्या दुसरा कोन मारील चांदी. परत पडंल. सांगून टाका."

मी तन्मयला दोन्ही सांगितलं. तो म्हणाला, "सर, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं." त्याने वर तसंच कळवलं, सुलेमानचं वेल्डिंग उत्तम आहे हे ठळक करून. दुसरी नळी तशाच धातूंची केली, चांदीशिवाय. सुलेमान तिच्यापाशी कोणाला येऊ देईना. ती टिकली. जमिनीवर टिकली, आभाळात टिकली, तन्मय कंटाळला इतकी टिकली. बोटमालकांपैकी एक परत आला, दुसरा नाही आला. त्याने गुजरातहून तयार सायलेन्सर मागवला होता आणि तो स्वस्त पडला. मग बाकीच्यांनीही तेच केलं.

नंतर हैदराबादहून कंपनीचे मोठे साहेब आले. सभ्य माणूस. शेडमध्ये उभे राहून त्यांनी सगळीकडे बघितलं, ग्राइंडरवर बोट फिरवलं, कोपऱ्यातले जस्ताचा मुलामा दिलेले पाइप बघितले, दारातून येणारा वारा अंगावर घेतला. मला इंग्रजीत म्हणाले, इथे हे काम होणं शक्य नाही. मग हिंदीत सुलेमानला म्हणाले, तुझा हात फार चांगला आहे, आमच्या कारखान्यात ये. राहायला खोली, जेवण, पगार.

मी भांडलो. म्हटलं, वेगळी बंद खोली बांधू, जस्त आत येणार नाही. फोनवर भांडलो, पत्र लिहिलं, तन्मयलाही बोलायला लावलं. त्यांचं म्हणणं एकच, विमानाचा भाग नियमाने जिथे व्हायला हवा तिथेच होईल. चुकीचं नव्हतं ते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं, आणि याचा मला फार वैताग आला.

सुलेमान जायला तयार नव्हता. आईनेच घालवला. "हैद्राबाद काय अरबस्तान हाय? गाडीत बसला की सकाली हितं. जा, हात चालतात तवर कमव. मी काय लगेच मरत नाय." तो गेला, सणाला येतो म्हणून गेला. मी आठवड्यातून एकदा तिच्याकडे जाऊन बसायचो. सांदणं शेजारची सून करून द्यायची. आई म्हणायची, "मास्तर, तुमी बरा केलात. पोराचा नाव राखलात." मी दुसरं सांदण उचलायचो.

ती सकाळी गेली, चहा घेता घेता. मी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. सुलेमानचा चुलतभाऊ फोनवर होता. हैदराबादहून निघायचं म्हटलं तरी दुसरा दिवस. फोन माझ्याकडे आला. सुलेमान एवढंच म्हणाला, "सर, माजेसाठी थांबवू नका. तिला आवडनार नाय." आणि मग रडला. पाठीमागून कसल्यातरी मशीनचा आवाज येत होता.

मी कब्रस्तानात गेलो. सगळ्यांनी दिली तशी तीनदा माती दिली. कोणी मला काही विचारलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला. आधी तिच्या कबरीवर जाऊन आला आणि मग माझ्या ओटीवर येऊन बसला. बायकोने चहा ठेवला. मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. खरं बोललो म्हणून तू इथून गेलास, असं मला वाटतं. तसं नाही हे मला कळतं, पण वाटतं. हे सांगणार होतो. त्याने आधी विचारलं.

"सर, जमीन कशी निघाली? बाच्या टायमाला चिरा लागला होता. लोकं बोलत होती, लई त्रास झाला."

चिरा लागला होता. मी तिथे उभा होतो. हातभर माती आणि खाली चिऱ्याचा कातळ. पहारीला पहार लावून माणसं आळीपाळीने खोदत होती, उन्हात, आणि खाली घरी तिच्या बाजेवर ती वाट बघत होती. खड्डा हवा तेवढा खोल झालाच नाही. शेवटी मौलवींनी बास म्हटलं.

तडा कुठून गेला हे विचारायला माझ्याकडे आयुष्यभर माणसं आली, आणि दिसलं ते मी प्रत्येकाला सांगितलं. 

"मऊ होती," मी म्हटलं. "चिरा लागलाच नाही. वरपासून खालपर्यंत मातीच."

"खोल गेली?"

"चांगली खोल."

त्याने मान हलवली. मग चहा प्यायला, आणि थोड्या वेळाने, बऱ्याच दिवसांनी झोप आल्यासारखा, तिथेच ओटीवर आडवा झाला.